शेजारधर्म आणि घराचा उंबरठा

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सव हा समाजाने आपल्या पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याचा प्रसंग असतो. त्यात धर्मस्थान, पाठशाळा, दान आणि तपश्चर्या यांची नोंद आवर्जून होते. परंतु एक खाते बहुधा कोरेच राहते. ते खाते शेजाऱ्याचे.

बीडच्या जुन्या पेठांत, तसेच अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या गल्ल्यांत घराला घर लागून उभे असते. भिंत सामायिक, अंगण समोरासमोर. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणे पडली की एका घरातील खोकला दुसऱ्या घरात ऐकू येई. या जवळिकीचे मोल संकटात कळते. १९८९ साली बिंदुसरेला महापूर आला आणि बीड शहराची मोठी हानी झाली. अशा प्रसंगी दूरच्या नातलगांना वार्ता पोहोचण्यापूर्वी शेजाऱ्याचाच हात पुढे येतो. तरीही ‘सख्खे शेजारी, पक्के वैरी’ ही म्हणही याच मातीत रुजली आहे. एकच भिंत आधारही देते आणि कलहही निर्माण करते.

कलहाचे मूळ पुष्कळदा क्षुल्लक असते. घरी पाहुणे कोण आले, मुलीला पाहण्यास कोणते स्थळ आले, सुनेचे माहेरी जाणे का लांबले, दुकानाची विक्री किती झाली, याची चौकशी शेजारी करतो. हाक न देता आत येतो. अलीकडे तर कॅमेऱ्याचे तोंडही दुसऱ्याच्या दाराकडे वळलेले दिसते. अशा वेळी गृहस्थ एक तर मनात कुढत राहतो, नाही तर एके दिवशी स्फोट करतो. हे दोन्ही मार्ग श्रावकास शोभणारे नाहीत.

बाराव्या शतकात कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्र’ या ग्रंथात सद्गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले. त्यांत निवासाचाही विचार आहे. घर अति उघड्यावर नसावे, तसेच अति दडलेलेही नसावे. शेजार चांगला असावा. आणि घराला बाहेर पडण्याची अनेक दारे नसावीत. साडेआठशे वर्षांपूर्वीचा हा विचार किती व्यवहार्य आहे! कापडाच्या थानाला दोन्ही बाजूंनी किनार असते, म्हणून त्याचे सूत सुटत नाही. संबंधांनाही अशी किनार हवी. ती किनार म्हणजे वैर नव्हे.

श्रावकाच्या दुसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे सत्यव्रताचे, अतिचार प्रतिक्रमणात नित्य आठवले जातात. त्यांपैकी एक रहस्याभ्याख्यान. दुसऱ्याच्या एकांतातील गोष्टींवरून तर्क बांधणे, आळ घेणे किंवा त्या उघड करणे, हा त्याचा आशय. शेजाऱ्याच्या घरातील गोष्ट चौकात नेणे हा केवळ शिष्टाचाराचा भंग नसून व्रताला लागणारा दोष आहे. परंतु त्याच यादीत सहसाभ्याख्यानही आहे. विचार न करता एखाद्यावर दोषारोप करणे. चौकशी करणारा शेजारी दुष्टच असला पाहिजे, असे ठरवून टाकणारा गृहस्थ या दुसऱ्या दोषात सापडतो. एक दोष भिंतीच्या पलीकडचा, तर दुसरा अलीकडचा.

एक उदाहरण कल्पावे. शेजारी निवृत्त गुरुजी आहेत. मुले पुण्यास, घरात एकाकीपण. समोरच्या घरी कोण आले आणि कोण गेले, यावरच त्यांचा दिवस सरतो. मुलीच्या विवाहाची बोलणी त्यांच्या तोंडून गल्लीभर झाली आणि त्या घरातील माणसे संतापली. काय करावे? चार लोकांसमोर पाणउतारा केल्यास गुरुजी कायमचे दुरावतील. मौन धरल्यास मुलीची कुचंबणा होईल. घरातील वडीलधाऱ्याने एकट्याने जावे, त्यांच्या ओसरीवर बसावे आणि म्हणावे, ‘‘गुरुजी, आपण आपुलकीने विचारता, हे आम्ही जाणतो. परंतु बोलणी पक्की होईपर्यंत ही गोष्ट घरातच राहावी, अशी आमची इच्छा आहे. आपल्याकडून ती बाहेर गेली, याचे मुलीला फार वाईट वाटले. आम्ही गावाला जाऊ तेव्हा मात्र घराकडे आपलीच नजर असू द्या.’’ या बोलण्यात तक्रार स्पष्ट आहे, मर्यादाही स्पष्ट आहे, आणि त्या एकाकी माणसाला मानाचे एक कामही मिळाले आहे.

हे बोलणे केव्हा करावे? याचे उत्तर कषायांच्या विवेचनात आहे. संज्वलन कषायाची मुदत एक पक्ष, प्रत्याख्यानावरणाची चार महिने, अप्रत्याख्यानावरणाची एक वर्ष आणि अनंतानुबंधीची आयुष्यभर. पहिला क्रोध पाण्यावरील रेघेसारखा, तर शेवटचा पर्वताला पडलेल्या भेगेसारखा. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणाची योजना याच्याशी जुळते. दुकानातील मालाची उधारी वसूल करण्यासाठी १९६३ चा मुदतीचा कायदा तीन वर्षे देतो. मनातील रागाला शास्त्र पंधरा दिवसच देते! म्हणून शेजाऱ्याविषयीची नाराजी पक्ष उलटण्यापूर्वी, त्याला एकट्याला आणि प्रथम त्यालाच सांगावी. गल्लीला आधी आणि शेजाऱ्याला शेवटी सांगितले, तर तो न्याय नव्हे, निंदा होय.

सौम्य शब्द निष्फळ ठरले तर पुढचा मार्गही आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम १८ मधील दाखल्यात शेजाऱ्याच्या खासगीपणावर आक्रमण करणारी नवी खिडकी न काढण्याच्या रूढीला हक्काचे रूप दिले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. परंतु निकाल लागल्यानंतरही भिंत तीच आणि शेजारीही तोच. म्हणून दोघांना मान्य अशा ज्येष्ठांची मध्यस्थी आधी, न्यायालय नंतर. मात्र स्त्रियांची छेड, धमकी किंवा मारहाण असेल, तर तेथे क्षमेच्या नावाखाली मौन धरू नये. पोलिसांत तक्रार करणे हे कर्तव्यच ठरते.

शेवटी समाजाने स्वतःकडेही पाहावे. वरघोड्याचा बँड, रस्ता अडविणारा मांडव, रात्री लांबलेला ध्वनिक्षेपक यांमुळे समाजही कुणाचा तरी त्रासदायक शेजारी होतो. २००० सालच्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर निर्बंध घातले. अहिंसेच्या उपासकांना मुळात त्या नियमाची गरज भासू नये.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ चे संदेश चेन्नई-सुरतपर्यंत शेकडोंनी जातात. ज्यांना आयुष्यात कधी दुखावलेही नाही, त्यांची क्षमा मागितली जाते. आणि ज्याच्याशी सहा महिने अबोला आहे, तो मात्र भिंतीपलीकडेच राहतो. या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने पहिली क्षमापना त्या दाराशी जाऊन, प्रत्यक्ष हात जोडून करावी. ते कोरे खाते त्या दिवशी उघडेल.

जय जिनेंद्र.