भ्रमणध्वनीवरील आरोग्यवार्ता : खरी कोणती, खोटी कोणती?



मे २०२१ मध्ये, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक २ मधील एका वस्तीचे चित्रण लोकांच्या भ्रमणध्वनींवर फिरू लागले. तपासणीसाठी नाकातील स्राव घेण्याच्या काड्या घराच्या फरशीवर पसरलेल्या होत्या आणि स्त्रिया व मुले उघड्या हातांनी, मुखपट्टी न लावता, त्या पाकिटांत भरीत होती. ज्या काडीच्या निर्जंतुकतेवर साऱ्या तपासणीची भिस्त, तिची ही अवस्था! पाहणाऱ्यास हा कोणाचा तरी खोडसाळपणा वाटला असता, तर नवल नव्हते. परंतु ते चित्रण खरे निघाले. महानगरपालिका, पोलीस आणि अन्न व औषध प्रशासन यांचे कर्मचारी तेथे पोहोचले, चौकशी झाली आणि गुन्हा नोंदविण्यात आला.

समाजमाध्यमांवरील अपप्रचाराविषयी बोलताना ही घटना मुद्दाम आधी सांगावयाची, याला कारण आहे. ‘मोबाइलवर येते ते सगळे खोटे’ असे म्हणून फाईल मिटविणारा अधिकारी आणि ‘मोबाइलवर आले म्हणजे खरेच’ असे मानणारा नागरिक, हे दोघेही एकच चूक करीत असतात. दोघांनीही तपास केलेला नसतो. उल्हासनगरच्या त्या चित्रणाला ठिकाण होते. तेथे जाऊन पाहता येत होते, माणसांना विचारता येत होते. याउलट आरोग्यविषयक खोट्या संदेशाला बहुधा गाव नसते, तारीख नसते. असते ते केवळ एखाद्या मोठ्या डॉक्टरचे किंवा रुग्णालयाचे नाव, तेही त्यांच्या नकळत घातलेले.

टाटा स्मारक रुग्णालयाचा अनुभव याच जातीचा आहे. ‘गरम नारळपाण्याने कर्करोग बरा होतो’ असा संदेश तेव्हाचे संचालक डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नावाने फिरविण्यात आला आणि तो आपला नव्हे, असा खुलासा करण्याची वेळ रुग्णालयावर आली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये हळद, कडुनिंब, लिंबूपाणी आणि उपवास यांनी कर्करोग गेल्याचा एका नामवंत घरातील दाखला देशभर गाजला. त्या रुग्ण महिलेवर शस्त्रक्रिया व इतर उपचार झाले होते, ही बाब मात्र पुढे पाठविणाऱ्यांच्या हातून गळाली. तेव्हा टाटा रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून, सिद्ध उपचार टाळू नका, असे निवेदन प्रसृत केले. एका संदेशाच्या उत्तराला २६२ सह्या लागाव्यात, हे प्रमाण पाहण्यासारखे आहे.

अफवा ही काही भ्रमणध्वनीची निर्मिती नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परतत नाही, तेथे त्याच्या शरीराची विटंबना होते, अशी बोलवा उठली; २९ ऑक्टोबर रोजी गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबा रुग्णालयावर, हल्ला केला. लोक अडाणी होते म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः त्यांच्या घरांत शिरून माणसे उचलून नेणाऱ्या यंत्रणेने त्यांना समजेल अशा शब्दांत काहीच सांगितले नव्हते.

हा धडा उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यास विशेष लागू आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांतून उल्हासनगर उभे राहिले. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहतीने नाना प्रांतांचे कामगार आणले. बदलापुरात मुंबईहून घरासाठी आलेली कुटुंबे आहेत आणि भोवताली ठाकूर-कातकऱ्यांचे पाडे. एकच मराठी परिपत्रक, तेही ‘उपरोक्त संदर्भान्वये’ने सुरू होणारे, या साऱ्यांपर्यंत पोहोचेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. अफवा सिंधीत येते, हिंदीत येते, कोणाच्या तरी आवाजात येते. खुलासा मात्र जावक क्रमांक घेऊन निघतो.

लसीकरणाच्या बाबतीत ही दिरंगाई फार महाग पडते. २७ नोव्हेंबर २०१८ पासून राज्यात ९ महिने ते १५ वर्षे वयाच्या मुलांसाठी गोवर-रुबेला लसीकरण मोहीम झाली. ही लस पुढे वंध्यत्व आणते, अशा आशयाचे निराधार संदेश त्या काळात पसरले आणि काही पालकांनी मुलांना लस देण्यास नकार दिला. गोवराचा एक रुग्ण संरक्षण नसलेल्या १२ ते १८ जणांना रोग देऊ शकतो. म्हणूनच शंभरातील ९५ मुलांचे लसीकरण आवश्यक मानले जाते. २०२२ च्या अखेरीस मुंबई, मालेगाव आणि आपल्याच ठाणे जिल्ह्यातील भिवंडी येथे गोवराने डोके वर काढले, मुले दगावली. त्याला लसीकरणात पडलेला कोरोनाकाळातील खंड हे एक कारण होते, तसेच पालकांच्या मनातील भीती हेही होते. ज्या शाळेत वर्गशिक्षिकेने पालकांना बोलावून, लस कोणती, ती कशासाठी, ताप आल्यास काय करावे, हे बसून सांगितले असेल, तेथे परिपत्रकाची आठवण कोणाला राहणार नाही, शिक्षिकेची राहील.

कायदे आहेत. १९५४ च्या अधिनियमाने कर्करोग, मधुमेह यांसह ५४ विकार बरे करण्याच्या औषधी जाहिरातींस मनाई केली आहे. आपत्तीसंबंधी खोटी घबराट पसरविणाऱ्यास २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. परंतु पहिला कायदा जाहिरातदारास धरतो. मधुमेही आत्याला काळजीपोटी ‘हे करून बघ’ असे पाठविणाऱ्या भाच्यास कोणते कलम लावावयाचे? बहुतेक संदेश तर अशा मायेच्या हातांनीच पुढे जातात. संदेशावर दोन बाणांची खूण असली, की तो अनेकांच्या हातांतून आलेला आहे, एवढे तरी त्या भाच्याला ठाऊक असावे. २०२० च्या एप्रिलपासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो, हे त्या कंपनीनेच घातलेले बंधन आहे.

ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, आशा सेविका हे सारे गावाच्या त्याच गटांत असतात, जेथे हे संदेश येतात. ते वाचतात आणि गप्प राहतात. वाद नको म्हणून. या मौनाला गाव संमती समजते. संदेश आला त्याच दिवशी, त्याच गटात, त्याच भाषेत, ‘ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले, त्यांनी असे सांगितले’ एवढे दोन ओळींचे उत्तर जावे. डॉक्टरांनी ‘अजून निश्चित माहिती नाही’ असे सांगितले असेल, तर तेही तसेच लिहावे. कोरोनाकाळात सूचना वरचेवर बदलल्या. त्या का बदलल्या, हे न सांगितल्यामुळे शासनाच्या पुढच्या खऱ्या सूचनेवरही अविश्वास आला.

सकाळच्या गाडीने बदलापूर, अंबरनाथहून परळला निघालेल्या प्रवाशांत हातात तपासणीची फाईल घेतलेले कोणी ना कोणी असते. गाठीचा तुकडा तपासून अहवाल येण्यास काही दिवस लागतात. नारळपाण्याचा संदेश मात्र गाडी कल्याणला पोहोचेपर्यंत येतो. अहवालाच्या प्रतीक्षेतील त्या दिवसांत रुग्णाच्या घरी कोण जाते, आशा सेविका, शेजारचे गुरुजी की केवळ तो संदेश, यावर पुढची परळची खेप होणार की नाही, हे पुष्कळदा ठरते.