ताग, अंबाडी आणि भांग : एका नावाखालच्या तीन वनस्पती

(भोर आणि वेल्हे तालुक्यांतील शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यासाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



मावळपट्ट्यात बेंदूर जवळ आला की बैलांसाठी नवे कासरे, नव्या वेसणी, म्होरक्या आणि दावी घेण्याची रीत आहे. आज बाजारात या सर्व वस्तू बहुतांशी नायलॉनच्या मिळतात. रंग झगझगीत, किंमत माफक, पावसात न कुजणारा माल. परंतु ओल्या नायलॉनने बैलाची मान व नाकपुडी काचते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तुटलेले तुकडे बांधावर तसेच पडून राहतात, मातीत मिसळत नाहीत आणि नांगराच्या फाळाला गुंडाळतात. दोन पिढ्यांपूर्वी हेच दोर तागाचे, अंबाडीचे किंवा घायपाताचे असत. मातंग समाजातील कारागीर ते वळून देत आणि त्याबद्दल त्यांना बलुते मिळे. मोटेचा नाडा, सोल, शिंके, मुसकी, गोफण या सगळ्यांमागे शेताच्या कडेला उगवणारी एखादी वाखाची वनस्पती असे. दोर गेला, त्याबरोबर वनस्पतीही गेली आणि तिचे इतर उपयोगही विस्मरणात गेले. आजचा विषय या विसरलेल्या उपयोगांचा आहे. मात्र त्यात कायद्याचा एक नाजूक भाग असल्यामुळे प्रथम नावांचा घोळ निस्तरणे भाग आहे.

इंग्रज अधिकाऱ्यांनी वाख देणाऱ्या निरनिराळ्या वनस्पतींना 'हेम्प' हे एकच नाव जोडले. भांग हा त्यांचा 'इंडियन हेम्प', ताग हा 'सन हेम्प' आणि अंबाडी ही 'डेक्कन हेम्प'. वस्तुतः या तिन्हींचे एकमेकींशी काडीचेही नाते नाही. भांगेचे कूळ स्वतंत्र आहे. ताग, ज्याला काही भागांत बोरू म्हणतात, हा हरभरा-तुरीच्या कुळातला, शेंग धरणारा. अंबाडी ही भेंडी-जास्वंदीची बहीण. या घोळात भर म्हणून मराठी शाळांतून बंगालच्या 'ज्यूट'लाही तागच म्हटले जाते. त्यामुळे भूगोलाच्या तासाला 'ताग गंगेच्या त्रिभुज प्रदेशात पिकतो' असे पाठ करणारा विद्यार्थी आपल्याच शेताच्या कडेला उभ्या असलेल्या पिवळ्या फुलांच्या तागाला ओळखत नाही. डोंगरउतारावर पावसाळ्यानंतर फुलणारी, वाळल्या शेंगा हलवल्या की खुळखुळ वाजणारी रानटी घागरी ही याच तागाची नातेवाईक आहे. शिक्षकांना हा पाठ वर्गाबाहेर नेऊन दाखविता येण्यासारखा आहे.

आता भांगेविषयी. ही वनस्पती भारतीयांस नवी नाही. पाणिनीच्या व्याकरणात भांगेच्या शेताला काय म्हणावे याचा नियम आहे, म्हणजे ती त्या काळी तिळा-उडदाप्रमाणे शेतात पेरली जाणारी वस्तू होती. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. त्याने सुमारे बाराशे साक्षीदार तपासून १८९४ मध्ये अहवाल दिला आणि सरसकट बंदीऐवजी नियंत्रणाची शिफारस केली. मुंबई इलाख्यातील गांजाची लागवड त्या काळी मुख्यतः अहमदनगर, म्हणजे सध्याच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात होती. औषध आणि नशा या दोनच अंगांनी या वनस्पतीकडे पाहण्याची सवय तेव्हापासून पक्की झाली. तिसरे अंग झाकले गेले.

त्या तिसऱ्या अंगाचा सर्वांत बोलका पुरावा महाराष्ट्रातच आहे, आणि तो अलीकडे हाती आला. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्याचे नमुने पुरातत्त्व खात्याचे रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंह आणि औरंगाबादच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी तपासले. त्यांचा लेख २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बारा क्रमांकाच्या, तीन मजली बौद्ध लेण्यातील माती-चुन्याच्या गिलाव्यात भांगेचे तंतू आणि तुकडे मिसळलेले आढळले. त्यांचे प्रमाण सुमारे दहा टक्के होते. अजिंठ्याच्या गिलाव्यात इतर वनस्पतिद्रव्ये आहेत, आणि तेथील चित्रांना किडीने मोठा उपद्रव दिला आहे. वेरूळच्या या गिलाव्यात मात्र किडीचा मागमूस दिसला नाही. भांगेचा तंतू हवेतील ओल शोषतो व सोडतो, किडीस रुचत नाही आणि चुन्याशी चांगला बांधला जातो. हजार-दीड हजार वर्षे टिकलेल्या या कामामागे ज्या गवंड्यांचे ज्ञान होते, त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत. युरोपात आज भांगेच्या काडीचा भुसा व चुना यांचे मिश्रण भिंतींसाठी वापरतात आणि त्याचे मोठे कौतुक होते. त्या कौतुकाला वेरूळचा हा दाखला जोडावयास हरकत नाही.

दुसरा उपयोग बियांचा. भांगेच्या बीमध्ये मादक द्रव्य जवळजवळ नसते. तिच्यात सुमारे एक चतुर्थांश प्रथिने आणि त्याहून थोडे अधिक तेल असते. कुमाऊँ-गढवालमध्ये भाजलेल्या बियांची चटणी घरोघरी वाटली जाते, आणि ती खाऊन कोणाला झिंग येत नाही. केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये या बियांना व त्यांच्या तेलाला, मादक घटकाची अत्यल्प मर्यादा घालून, अन्न म्हणून मान्यता दिली. त्यापूर्वी २०१८ मध्ये उत्तराखंड राज्याने मादक घटक ०.३ टक्क्यांहून कमी असलेल्या वाणाच्या लागवडीस परवाने देण्यास आरंभ केला होता.

येथपर्यंत ऐकल्यावर एखाद्या उत्साही तरुणाच्या मनात येईल की, मग वरकस जमिनीवर आपणही हे पीक का घेऊ नये? वेल्ह्यात (या तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला) पडीक डोंगरउतार भरपूर, पोरे पुण्यात नोकरीला, आणि 'हेम्प'च्या नफ्याची रंगीत चित्रे मोबाईलवर फिरत असतात. म्हणून कायदा स्पष्ट शब्दांत सांगणे अगत्याचे आहे. अंमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अन्वये भांगेच्या रोपाची लागवड हा गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. पान आणि बी यांना गांजाच्या व्याख्येतून वगळले असले, तरी ती सूट लागवडीला लागू होत नाही. वाख किंवा बी यांच्यासाठी लागवडीची मुभा सरकार कलम १४ अन्वये आदेश काढून देऊ शकते. तसा आदेश आणि परवाना हाती असल्यावाचून बांधावर मुद्दाम लावलेले एक रोपसुद्धा गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. जाणूनबुजून आपली जागा अशा कामाला वापरू देणाराही त्याच शिक्षेस पात्र होतो. तेव्हा बियाण्याची पाकिटे आणि 'माल आम्हीच विकत घेऊ' असा करार घेऊन गावात येणाऱ्याकडे प्रथम परवान्याचा कागद मागावा, आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयातून पडताळून घ्यावा. सरपंच मंडळींनी याच कायद्याचे कलम ४७ आवर्जून वाचावे. बेकायदा लागवड कानावर येताच पोलिसांना कळविण्याची जबाबदारी प्रत्येक शासकीय अधिकारी, पंच, सरपंच आणि ग्राम अधिकारी यांच्यावर आहे. कसूर केल्यास त्यांनाही शिक्षा आहे. गावातला माणूस दुखावेल म्हणून गप्प बसणारा पंच स्वतः आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहू शकतो.

कायदा बाजूला ठेवला तरी निसर्गाचीही एक अडचण आहे. भांग दिवस लहान होऊ लागले की फुलावर येते. उत्तरेकडील लांब दिवसांत ती उंच सोट्यासारखी वाढते व लांब वाख देते. आपल्या अक्षांशावर ती लवकर फुलते, फांद्या फोडते, आणि वाख आखूड राहतो. मैदानी भारतात दोर-पोत्यांसाठी पूर्वीपासून भांगेऐवजी तागच का पेरला गेला, याचे एक कारण यात आहे. पश्चिम किनाऱ्यावरील कोळी बांधवांची जाळीही नायलॉन येण्यापूर्वी तागाच्या सुताची असत, कारण हा तंतू पाण्यात भिजूनही दम धरतो. दख्खनच्या हातकागदातही तागाची जुनी पोती, दोर आणि चिंध्या कुटून घातल्या जात. क्रिमियाच्या युद्धात, म्हणजे १८५३ ते १८५६ या काळात, रशियाची भांग इंग्लंडला मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांच्या व्यापाऱ्यांचे लक्ष याच भारतीय तागाकडे वळले.

भोर-वेल्ह्याच्या दृष्टीने मात्र तागाचा सर्वांत मोठा उपयोग वाख हा नसून माती हा आहे. हिर्डस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानंद खोरे या सर्व भागांत पाऊस कोसळतो, आणि नाचणी-वरीच्या उतारावरील माती ओढ्यांतून भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगावच्या जलाशयांत जाऊन बसते. भाताच्या खाचरात युरिया टाकला तरी मातीतील सेंद्रिय अंश घटत जातो. पूर्वी राब भाजण्यासाठी झाडांच्या फांद्या छाटून आणल्या जात. त्यात टहाळही गेला आणि जंगलही उघडे पडले. तागाच्या मुळांवर नत्र साठविणाऱ्या गाठी असतात. हेक्टरी ५० ते ६० किलो बी फोकून, फुले येण्याच्या सुमारास, म्हणजे साधारणतः ४५ ते ५० दिवसांनी, पीक जमिनीत गाडले तर हेक्टरी ६० किलो वा त्याहून अधिक नत्र जमिनीला मिळते. मुळांवर गाठी पाडणाऱ्या सूत्रकृमींचाही त्यामुळे बंदोबस्त होतो. टोमॅटो-वांगी घेणाऱ्या नसरापूरकडील बागायतदारांनी याची नोंद घ्यावी.

तथापि आंधळेपणाने ताग सर्वत्र पेरावा असे सुचवावयाचे नाही. ताग साचलेले पाणी सहन करीत नाही. वेल्ह्याच्या पश्चिमेकडील खाचरात मृगाच्या पावसाबरोबर पेरला तर लावणीच्या वेळेपर्यंत तो पुरेसा वाढतही नाही, आणि पाणी तुंबताच पिवळा पडतो. अशा खाचरात धैंचा बरा, तो पाण्यात तग धरतो. तागाची जागा म्हणजे निचऱ्याची वरकस जमीन, ताली आणि रुंद बांध. तेथे वाढवून, कापून, हिरवा टहाळ खाचरात चिखलणीच्या वेळी तुडविता येतो. ज्यांच्याकडे विहिरीचे वा कालव्याचे उन्हाळी पाणी आहे, त्यांनी मेच्या आरंभी पेरून जूनअखेर गाडावा. बांधावर गिरिपुष्पाची झाडे असतील तर त्यांचा पाला आणि ताग ही जोडी चांगली जमते. एक सावधगिरी अशी की, तागाच्या बियांत विषारी द्रव्य असते. फुलोऱ्यानंतरचे शेंगाळ पीक आणि बी जनावरांपुढे टाकू नये.

वाख हवा असेल तर पीक गाडण्याऐवजी शेंगा धरू लागताच कापावे लागते. सोट्यांच्या पेंढ्या बांधून चार-दोन दिवस पाने गळू द्यावयाची, मग संथ पाण्यात भिजत घालावयाच्या आणि साल सुटू लागताच सोलून धुवावयाच्या. जास्त भिजला तर वाख कमजोर होतो, कमी भिजला तर साल सुटत नाही. अनुभवाने हात बसतो. हे काम पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात करू देऊ नये, कारण पाण्याला दुर्गंधी सुटते. सोलून उरलेल्या सणकाड्या चुलीला उत्तम.

अंबाडीची गोष्ट त्याहून सोपी, कारण ती अद्याप पुरती हरवलेली नाही. बाजरी, तूर किंवा नाचणीच्या कडेला तिची एखादी ओळ पेरणाऱ्या आजीबाई अजून आहेत. कोवळा आंबट पाला कण्या घालून, लसणाच्या फोडणीने शिजविला जातो; पाल्यानंतर त्याच झाडाचा वाख निघतो आणि बीही उपयोगी पडते. एका ओळीतून भाजी, दोर आणि तेल. मात्र अंबाडीच्या काही वाणांचे पान पंजासारखे फाकलेले, करवतीदार कडांचे असते आणि दुरून ते थेट गांजासारखे दिसते. गैरसमजातून तक्रार होऊ शकते. म्हणून पोलीस पाटील आणि शिक्षक यांनी फरक ध्यानात ठेवावा. भांगेचे पान सुट्या, अरुंद पर्णिकांचे असते, त्याला उग्र वास येतो, फुले बारीक हिरवी व चिकट असतात. अंबाडीचे पान अखंड, नुसते खोल कापलेले, खोडावर बारीक काटे, चव आंबट, आणि फूल भेंडीसारखे मोठे, फिकट पिवळे, मध्ये गडद लाल डागाचे. फूल एकदा दाखविले की इयत्ता पाचवीचे मूलही पुन्हा चुकत नाही.

तागाचे बी दरवर्षी बाहेरून आणावे लागू नये यासाठी गावात एखाद्याने तरी कोपऱ्यात थोडे पीक बियांसाठी राखावे. त्याला पेरणीपासून पाच महिन्यांच्या आसपास लागतात. शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की सकाळच्या थंडाव्यात कापणी करावी. दुपारच्या उन्हात शेंगा तडकून बी शेतातच सांडते.