तीव्र पक्षाघातातील शस्त्रक्रिया : डॉक्टरांचे मतभेद आणि रुग्णालयाचे काम

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्च, खाटांचा वापर आणि नवी यंत्रसामग्री यांचा आढावा सादर करतो. तो तपशील अहवालाच्या पुढील पानांत आहेच. आज एका वेगळ्या विषयासाठी आपला थोडा वेळ मागत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमच्या अधिकाराचा प्रांत नव्हे. परंतु अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक शेवटी आमच्या खोलीत येतात आणि त्यांच्यापैकी अनेकांचा प्रश्न एकच असतो : "एक डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे म्हणतात विचार करा. साहेब, आम्ही कुणाचं ऐकायचं?"

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली, की मेंदूचा मोठा भाग निकामी होतो व पुढील दोन-तीन दिवसांत त्याला सूज येते. कवटी हाडाची, सूज पसरायला जागा नसते. औषधांनी सूज आवरली नाही, तर बहुसंख्य रुग्ण दगावतात. अशा वेळी शस्त्रक्रियातज्ज्ञ कवटीचा तळहाताहून मोठा तुकडा काढून ठेवतात आणि मेंदूला बाहेरच्या बाजूस जागा करून देतात. हे दार उघडल्याने जीव वाचू शकतो. निकामी झालेला भाग मात्र त्याने परत येत नाही. सर्व मतभेदांचे मूळ येथे आहे.

आकड्यांविषयी आमच्या डॉक्टरांत फारसे दुमत नाही. फ्रान्स, जर्मनी व नेदरलँड्स येथील तीन अभ्यासांतील ९३ रुग्णांचा एकत्रित निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. रुग्ण साठ वर्षांपर्यंतचे होते आणि उपचार ४८ तासांच्या आत सुरू झाले होते. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७८ टक्के हयात होते. न झालेल्यांपैकी २९ टक्के. इतका फरक दिसल्यावर वाद कसला, असे आम्हांलाही प्रथम वाटले होते. परंतु अपंगत्व मोजण्याची जी मोजपट्टी डॉक्टर वापरतात, तिच्यात चौथी पायरी म्हणजे आधाराशिवाय चालता न येणारा व स्वतःचे देहधर्म इतरांच्या मदतीनेच उरकणारा मनुष्य. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३१ टक्के रुग्ण या पायरीवर होते. न झालेल्यांपैकी जेमतेम दोन टक्के. तिसऱ्या पायरीपर्यंत, म्हणजे निदान स्वतःच्या पायांनी चालण्यापर्यंत पोहोचलेले ४३ टक्के विरुद्ध २१ टक्के. अभ्यासकांनी चौथी पायरीही 'समाधानकारक' या सदरात धरली. आमचे एक ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ ती तेथे धरायला तयार नाहीत. शस्त्रक्रियातज्ज्ञ म्हणतात, मेलेल्या माणसाला हा प्रश्न विचारता येत नाही, जिवंत असलेल्याला विचारता येतो. दोघेही एकाच तक्त्यावर बोट ठेवून बोलतात.

साठीच्या पुढील रुग्णांबाबत वाद अधिक तीव्र होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अभ्यासात असे ११२ रुग्ण होते. शस्त्रक्रियेने मृत्यूचे प्रमाण ७० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. परंतु पूर्णपणे स्वावलंबी असा एकही रुग्ण दोन्ही गटांत उरला नाही. रक्तस्रावाने होणाऱ्या पक्षाघाताचा हिशेब निराळा आहे. त्यात पडण्याचे आज कारण नाही.

आता आमच्याच हातून झालेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशीचे एक शेतकरी गृहस्थ दाखल झाले. पक्षाघात डाव्या मेंदूचा, म्हणजे उजवे अंग आणि वाचा दोन्ही गेलेली. संमतिपत्रावर थोरल्या भावाने सही केली. पत्नीला कोणी विचारले नाही. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. चार महिन्यांनी ते कुटुंब परत आले, तेव्हा पत्नीने विचारले, "ते हाड पुन्हा बसवायचं निराळं ऑपरेशन असतं, हे आम्हांला कुणीच कसं बोललं नाही?" डोक्याची एक बाजू खोलगट. धक्का लागेल म्हणून ती माउली चार महिने त्यावर टॉवेल बांधत होती आणि नातवंडांना जवळ फिरकू देत नव्हती. डॉक्टरांनी हाडाविषयी सांगितले होते, पण घाईत आणि एकट्या भावाला. खर्चाचे अंदाजपत्रक मात्र आमच्या कार्यालयाने केले होते आणि त्यात दुसऱ्या शस्त्रक्रियेची ओळच नव्हती. तो दोष डॉक्टरांचा नव्हे, आमचा.

हाड बसवून झाल्यावर आम्ही त्यांना विचारले, की पुन्हा तीच वेळ आली तर काय ठरवाल. पत्नी म्हणाली, "माणूस दारात बसलेला दिसतो, एवढं पुरे." कॉलेज सोडून शेती सांभाळणारा मुलगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. डॉक्टरांच्या खोलीतला मतभेद एका घरातही असतो, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले.

त्यानंतर पद्धत बदलली. दोन्ही तज्ज्ञ आता कुटुंबासमोर एकत्र बसतात आणि आपापले मत एकमेकांच्या देखत मांडतात. प्रारंभी काही डॉक्टरांना हे अवघड वाटले. रुग्णासमोर मतभेद दाखवल्याने विश्वास उडेल, अशी त्यांची भीती होती. प्रत्यक्षात विश्वास उडत होता तो कॉरिडॉरमध्ये ऐकलेल्या अर्धवट वाक्यांनी. बैठकीला रुग्णाची शुश्रूषा जिच्या वाट्याला येणार ती व्यक्ती असलीच पाहिजे, असा आग्रह आमच्या समाजसेविकेने धरला आणि तो योग्य होता. संमतिपत्र मराठीत आहे, चौथ्या पायरीचे वर्णन त्यात साध्या शब्दांत आहे आणि अंदाजपत्रकात दोन्ही शस्त्रक्रिया एकाच कागदावर आहेत. वेळ थोडा असतो. लाभ दिसला तो ४८ तासांच्या आतील शस्त्रक्रियेत. म्हणून बैठक रात्री दोन वाजताही होते.

पैशाचेही बोलले पाहिजे. धर्मादाय रुग्णालयांसाठीच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, आणि इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा होते. या निधीतून शस्त्रक्रिया होते, अतिदक्षतेचा खर्च निघतो. घरी गेल्यावरच्या वर्षांचा खर्च त्यात कोठेच बसत नाही. पाण्याची गादी, व्यायामोपचार, बुडालेली मजुरी हे आमच्या कोणत्याही खात्यात दिसत नाही. काही देणगीदारांनी गृहभेटीच्या व्यायामोपचारासाठी स्वतंत्र देणगी दिली आहे, त्यांचे आम्ही आभारी आहोत.

काढलेले हाड कोठे ठेवावे यावरही दोन मते आहेत. काही शस्त्रक्रियातज्ज्ञ ते रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवतात, काही अतिशीत कपाटात. आमच्याकडे दोन्ही पद्धती चालतात. कपाटातील हाडांची नोंदवही आता लेखाविभागाकडे आहे आणि ती दरमहा ठेवींच्या वहीसारखी तपासली जाते. ज्या नावांपुढे परतीची तारीख पडलेली नाही, त्यांच्या घरी समाजसेविका पुढील आठवड्यात जाऊन येतील.