हौस कोणाची, राबणे कोणाचे?

(अमरावती व अकोला जिल्ह्यांतील स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. विषय होता : 'महिलांच्या राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचे संयोजन आणि आपण'.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी काहीजणींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. कौटुंबिक हिंसेच्या केसेस आहेत, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतल्या बायकांचे सातबारे अजून दिराच्या नावावर आहेत, गावोगावची दारू आहे. एवढे सगळे अंगावर असताना कबड्डीच्या स्पर्धा भरवायला कुठे निघालो आपण? प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे असे, की आपल्या जिल्ह्यात महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आली, तर ती आपल्याशिवाय होईलच. मांडव पडेल, पाहुणे येतील, बक्षिसे वाटली जातील. प्रश्न एवढाच आहे, की त्या चार दिवसांत मुलींचे काय होईल हे ठरवणाऱ्या टेबलाभोवती आपण बसणार, की औक्षणाचे तबक घेऊन दारात उभ्या राहणार?

व्यायाम आणि मैदान ही आपल्या वऱ्हाडाची जुनी ओळख आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने आपल्या देशी खेळांची आणि कवायतींची प्रात्यक्षिके तिथे करून दाखवली. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावीच. पण त्याच खेळात बाईला किती वाट पाहावी लागली, तेही सोबत सांगायला हवे. पुरुषांची पहिली राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५२ मध्ये झाली आणि महिलांची १९५५ मध्ये. म्हणजे देशात फक्त तीन वर्षांचे अंतर होते. आशियाई स्पर्धांत मात्र पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला आली आणि महिलांची २०१० मध्ये ग्वांगझूला. वीस वर्षांनी! आणि ज्या वर्षी संधी मिळाली त्याच वर्षी आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणले. पैशाच्या बाबतीतही तेच. पुरुषांची प्रो कबड्डी लीग २०१४ पासून चालू आहे. महिलांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली आणि त्याच एका हंगामावर तो प्रयोग थांबला.

आता 'हौशी' या शब्दाकडे या. आपल्या देशाच्या कबड्डी संघटनेच्या नावातच 'अमॅच्युअर' आहे, म्हणजे हौशी. पैशासाठी नव्हे तर आवडीसाठी खेळणारा तो हौशी खेळाडू. ऐकायला छान वाटते. पण हौस करायला आधी रिकामा वेळ लागतो. पुरुष खेळाडू सरावाहून आला की त्याचे ताट वाढलेले असते. मुलगी सरावाहून आली की भाकरी थापायच्या राहिलेल्या असतात. शेतमजुराच्या घरातली मुलगी दिवाळीनंतर आईबरोबर कापूस वेचायला जाते, आणि वेचणीची मजुरी किलोवर असते. तिने एक दिवस मैदानात घालवला तर घरात तेवढे पैसे कमी येतात. मग हौशी खेळाडू म्हणजे कोण? जिच्या हौसेचा खर्च दुसरे कोणी उचलते ती. आमच्या मुलींच्या बाबतीत तो खर्च तिची आई उचलते, धाकटी बहीण उचलते, आणि पुष्कळदा ती स्वतःच, झोप मोडून.

आणि तिच्यासाठी ही निव्वळ हौस आहे असेही नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे आणि पोलीस खात्यात खेळाडूंची भरती होते. राष्ट्रीय स्पर्धेचे एक प्रमाणपत्र दर्यापूरच्या किंवा बाळापूरच्या एखाद्या घराची परिस्थिती पालटू शकते. ज्या वयात घरचे लोक 'स्थळ आले आहे' म्हणतात, त्या वयात 'मला दोन वर्षे थांबू द्या, भरती निघणार आहे' असे म्हणायला तिला एक आधार मिळतो. आपण बालविवाहाविरुद्ध पथनाट्ये करतो, शपथा घेतो. पण मुलीला लग्नाऐवजी काय, याचे उत्तर आपल्याकडे अनेकदा नसते. मैदान हे त्यातले एक उत्तर आहे. म्हणून स्पर्धा नीट होणे हा आपला प्रश्न आहे.

स्पर्धा म्हणजे नेमके काय असते, याचा हिशोब एकदा मांडू. राज्ये, केंद्रशासित प्रदेश, रेल्वेसारखे संघ आणि आपला वेगळा विदर्भाचा संघ मिळून ३२ संघ आले असे धरा. प्रत्येक संघात सात खेळणाऱ्या आणि पाच राखीव अशा १२ मुली, शिवाय प्रशिक्षक आणि व्यवस्थापक. एका संघाचे १४ म्हणजे एकूण ४४८ माणसे. पंच, गुणलेखक आणि स्वयंसेवक वेगळे. चार-चार संघांचे आठ गट केले तर गटात सहा याप्रमाणे ४८ सामने होतात. प्रत्येक गटातून दोन संघ पुढे आले की बाद फेरीचे आणखी १५. एकूण ६३ सामने. पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव आणि मधली पाच मिनिटे धरली तरी संघ उतरणे, तपासणी, तक्रारी यांत एका सामन्याला पाऊण तास जातोच. दोन मैदाने आणि चार दिवस म्हणजे प्रत्येक मैदानावर रोज आठ सामने.

एवढा हिशोब संयोजन समितीतले पुरुषही करतात. ते जो करत नाहीत तो आपण करायचा. कारखान्यांच्या नियमांत २५ स्त्रियांमागे किमान एक शौचालय सांगितले आहे. तेच प्रमाण घेतले तर निवासाच्या जागी १८ शौचालये हवीत, तीही कडी लागणारी, दिवा असलेली आणि पाणी असलेली. शाळेच्या वर्गखोल्यांत सतरंज्या टाकून मुलींना उतरवतात, पण त्या शाळेला शौचालये किती आहेत हे कोणी मोजून येत नाही. पाळी आलेल्या मुलीने दिवसात दोन सामने खेळायचे तर तिला कपडे बदलायला आडोसा लागतो, पॅड लागतात, ते टाकायला झाकणाची बादली लागते. ही लाजेची बाब नाही, अंदाजपत्रकातली बाब आहे. मांडव आणि ध्वनिक्षेपकाच्या रकान्याखाली ती लिहिली गेली पाहिजे. जे अंदाजपत्रकात लिहिले जात नाही ते आयत्या वेळी होत नाही, हा आपला प्रत्येक मेळाव्याचा अनुभव आहे.

हे नाही केले तर काय होते? सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात सहारनपूरला १७ वर्षांखालील मुलींची राज्य कबड्डी स्पर्धा होती. तिथे मुलींसाठी शिजवलेला भात स्वच्छतागृहात जमिनीवर ठेवलेला होता. तिथूनच तो वाढून घेतानाची चित्रफीत देशभर गेली. क्रीडा अधिकारी निलंबित झाला. पण एक अधिकारी दोषी ठरला म्हणजे विषय संपला का? मुलींच्या जेवणाला जागा कोणती, हा प्रश्न संयोजनाच्या बैठकीत कोणालाच पडला नाही, हे त्याच्या मुळाशी आहे. आपल्याकडे गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन हेच शिकवले, की स्वच्छतेचे काम भाषणाच्या आधीचे असते.

जेवण कोण करणार? 'आपल्या बायका आहेतच' असे म्हणून हा प्रश्न सोडवला जातो. बायका पहाटे चारला चूल पेटवतात, पोळ्या लाटतात, भांडी घासतात आणि शेवटच्या दिवशी त्यांना साडी-चोळी देऊन त्यांचा सत्कार होतो. आपण हे नाकारायचे. बचतगटाला काम द्यायचे तर रीतसर दर ठरवून, आगाऊ रक्कम देऊन, लेखी द्यायचे. खेळणाऱ्या मुलीला सन्मान आणि तिला जेवू घालणाऱ्या बाईला फुकटची राबणूक, अशी स्पर्धा स्त्रियांची म्हणता येणार नाही. आणि पंगत एकच. कोणत्या राज्याची, कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची मुलगी कुठे बसली हे पाहणारा वाढपी आपल्याला नको.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कबड्डी हा स्पर्शाचा खेळ आहे. चढाईला गेलेली मुलगी प्रतिस्पर्ध्याला शिवून परत येते, पकड करणारी तिला कमरेला, पायाला धरते. ज्या मुलीला घरात सतत 'अंग चोरून बस' असे सांगितले जाते, तिला इथे आपल्या अंगाची ताकद कळते. या खेळाचे मला वाटणारे मोल हेच आहे. पण याच ठिकाणी घरच्यांची भीतीही असते. 'पोरीचा हातपाय मोडला त तिले करन कोन?' हे आया उघड बोलतात. जे उघड बोलत नाहीत ते असे असते : शिकवणारा कोण आहे, तो हात कुठे लावतो, बाहेरगावी रात्री मुली कुठे झोपतात? ही भीती मागासलेली म्हणून झटकून टाकू नका. जानेवारी २०२३ मध्ये देशाच्या नामवंत कुस्तीगीर मुली जंतरमंतरवर बसल्या. पदके मिळवलेल्या मुली होत्या त्या. तरी गुन्हा नोंदवला जायला एप्रिल उजाडला आणि त्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. मग आमच्या धारणीच्या कोरकू मुलीने तक्रार घेऊन कोणाकडे जायचे?

कायदा आहे, तो आपण वापरायला हवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कामाचे ठिकाण' या व्याख्येत क्रीडा संस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागाही स्पष्टपणे घातलेली आहे, मग तिथे राहण्याची सोय असो वा नसो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती हवी. जिथे ती नाही तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. अठरा वर्षांखालील मुलगी असेल तर २०१२ चा पोक्सो कायदा लागू होतो. म्हणजे स्पर्धेआधी आपण तीन कामे करू शकतो : संयोजकांकडून समितीची नावे लेखी घेणे, ती नावे आणि फोन क्रमांक मैदानावर व निवासाच्या भिंतीवर हिंदी आणि इंग्रजीतही लावणे, आणि प्रत्येक संघाबरोबर बाई व्यवस्थापक असलीच पाहिजे असा आग्रह धरणे.

यावर कोणी म्हणेल, 'समितीत बायका घेतल्या आहेत की.' कोणत्या बायका, हे विचारा. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेच्या तहहयात अध्यक्षांची नेमणूक रद्द केली, आणि अध्यक्षपदी झालेली त्यांच्या पत्नीची निवडही. दाद मागितली होती माजी खेळाडूंनी. आपल्याकडचा 'सरपंचपती' ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय संघटनांच्या कार्यकारिणीत किमान चार स्त्रियांची तरतूद केली आहे. चांगले झाले. पण त्या चार कोण असतील, हे खेळलेल्या बायका पुढे आल्या तरच ठरेल. शकुंतला खटावकर, अभिलाषा म्हात्रे यांच्यासारख्या अर्जुन पुरस्कार मिळवलेल्या खेळाडू या महाराष्ट्राने दिल्या. आपल्या तालुक्यांतही राज्य पातळीवर खेळून संसाराला लागलेल्या कितीतरी जणी आहेत. त्यांना शोधा. पंच म्हणून, गुणलेखक म्हणून, निवासप्रमुख म्हणून त्यांना परत मैदानात आणा. लग्नानंतर पंधरा वर्षांनी शिट्टी हातात घेतलेली बाई हे कोणत्याही भाषणापेक्षा मोठे शिक्षण आहे.

तारखांचेही आपणच बोलले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत अकोल्याच्या उन्हात स्पर्धा घेणे म्हणजे मुलींना भाजून काढणे. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात. दिवाळीनंतर वेचणीचा हंगाम असतो. सगळ्यांना सोयीचा दिवस सापडणार नाही, पण पुढाऱ्याच्या वाढदिवसाची तारीख धरून स्पर्धा ठरू नये एवढे तरी आपण म्हणू शकतो. बडनेरा आणि अकोला ही दोन्ही हावडा-मुंबई मार्गावरची स्टेशने, संघ रेल्वेनेच येणार. रात्री-अपरात्री उतरणाऱ्या मुलींना घ्यायला गाडी आणि सोबत दोन बायका हव्यात. हरलेला संघ पहिल्या फेरीनंतर परतीच्या तिकिटाची वाट पाहत राहतो, त्याचे जेवण आणि निवास बंद करायचे नाहीत.

आणि कागद. महाराष्ट्राने बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणे पाहिली आहेत. त्यात खऱ्या खेळलेल्या मुलीची जागा जाते. प्रत्येक सामन्याची गुणपत्रिका, खेळाडूंची यादी आणि सह्या यांची एक प्रत जपून ठेवली पाहिजे. मिनिटे लिहिणे आणि हिशोब ठेवणे आपल्याला चांगले येते. हे काम मागून घ्या.

तर माझा प्रस्ताव असा आहे. दोन्ही जिल्ह्यांतल्या आपल्या संघटनांनी मिळून एक मागणीपत्र करावे. त्यात निवास आणि शौचालये, जेवणाचे दर, तक्रार समिती, बाई डॉक्टर, पंचांत स्त्रिया आणि हिशोबाची जाहीर मांडणी हे मुद्दे असावेत. एरवी होणाऱ्या तालुका आणि जिल्हा स्पर्धांपासूनच ते संयोजकांपुढे ठेवावे. 'आमदार चषक' असो की शालेय स्पर्धा, जिथे महिला गट आहे तिथे हे पत्र जावे. जे मान्य करतील त्यांच्याबरोबर आपण राबू. जे करणार नाहीत त्यांच्या मांडवात आपण रांगोळी काढायला जाणार नाही. लहान स्पर्धांत ही शिस्त लागली तर राष्ट्रीय स्पर्धा येईल तेव्हा आपल्याला कोणाकडे काही मागावे लागणार नाही, संयोजकच आपल्याकडे येतील.

मुलींना खेळायला पाठवा असे आपण पालकांना सांगतो. पाठवलेली मुलगी धड परत येईल, खेळून आणि आनंदाने परत येईल, याची हमी देणारे कोणीतरी लागते. ते काम आपण घ्यावे असे मला वाटते. यावर आता तुम्ही बोला, विशेषतः ज्या कधी काळी खेळल्या आहेत त्यांनी. मी थांबते.