गरीब घोडा



संयोजकांचा आदेश आहे की प्रत्येकाने आपल्या कामाविषयी थोडक्यात बोलायचं. मी पशुवैद्य आहे आणि माझं निम्मं काम घोड्यांचं आहे. तेव्हा घोड्यांविषयीच बोलतो.

लहानपणी आपण सगळ्यांनी ते कोडं ऐकलंय. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. तबेल्यात मात्र ते उत्तर निम्मंच खरं ठरतं. उभा राहून राहून घोडा आखडतो, हे खरं. पण अडलेल्या घोड्याला पुष्कळदा कुठेतरी दुखत असतं, आणि त्याला फिरवण्याआधी ते शोधावं लागतं. घोडा हे मुळात शिकार होणारं जनावर. दुखणं दाखवलं की वाघाची नजर आपल्यावर पडणार, हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून तो कुत्र्यासारखा केकाटत नाही. आपणच नीट बघावं लागतं.

मी आधी घोडा उभा असताना बघतो. मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर तो आराम करतोय. पण पुढचा पाय वारंवार पुढे टाकून त्यावरचा भार काढत असेल, तर शंका घ्यावी. दोन्ही पुढचे पाय पुढे ताणून टाचांवर भार दिला असेल आणि खूर गरम लागत असतील, तर खुराच्या आतल्या भागाला सूज असू शकते. तिथे एक दिवसही थांबायचं नाही.

मग चालवून बघतो. पहिली वीस पावलं सगळ्यात महत्त्वाची. सांधे धरलेला घोडा सुरुवातीला आखूड पावलं टाकतो आणि अंग गरम झालं की बरा वाटायला लागतो. मालक म्हणतो, ‘बघा डॉक्टर, काही नाही झालेलं!’ दुडक्या चालीत मानेकडे लक्ष ठेवायचं. पुढचा दुखरा पाय जमिनीला लागतो तेव्हा घोडा डोकं वर उचलतो. अरुंद जागेत वळवलं तर अख्खं अंग फळीसारखं एकदम वळतं. तंग आवळताना कान मागे जातात, शेपूट झटकली जाते. आपण त्याला खोडी म्हणतो.

चेहराही बोलतो. २०१४ साली संशोधकांनी घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत प्रसिद्ध केली. मागे ताठ वळलेले कान, डोळ्याभोवतीचा आणि वरचा ताण, आवळलेले जबडे, घट्ट मिटलेलं तोंड, ताणलेल्या नाकपुड्या अशा सहा खुणा त्यात आहेत. जुन्या मोतद्दारांना यातलं बरंच ठाऊक असतं. फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

आता मनाविषयी. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली स्वारी शिकवणाऱ्या शाळांमधल्या ५९ घोड्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले काही घोडे वेगळेच उभे राहायचे. मान पाठीच्या रेषेत, डोळे उघडे पण नजर एका जागी, कान हलत नाहीत. डुलकी घेणाऱ्या घोड्याचे डोळे अर्धे मिटलेले असतात. इथे डोळे उघडे, पण आजूबाजूच्या जगाशी संबंध नाही. गंमत म्हणजे आपल्या ठाणावर थंड असणारे हेच घोडे नव्या, अवघड प्रसंगात इतरांपेक्षा जास्त बिथरत. म्हणजे ती शांतता समाधानाची नव्हती.

माथेरानला अशी एक घोडी मी पाहिली. दस्तुरी नाक्यापुढे तिथे मोटारींना बंदी आहे, त्यामुळे घोड्यावर घरं चालतात. मालक म्हणाला, ‘एकदम गरीब आहे, पोरंसुद्धा बसतात.’ ती खरंच गरीब होती. शेजारचा घोडा खिंकाळला तरी तिचा कान फिरला नाही. चंदी अर्धी तशीच. अंगाच्या एकाही बाजूला लोळल्याची माती नाही. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला थोडा वेळ आडवं व्हावंच लागतं. उठताना दुखतं म्हणून ही आडवीच होत नव्हती. मागच्या पायांचे सांधे धरले होते आणि खूर वाढलेले होते.

नालबंद बोलावला, औषध सुरू केलं आणि विश्रांती सांगितली. हंगामाचे दिवस होते. मालकाने विचारलं, ‘दुखण्याचं इंजेक्शन देऊन चालवली तर?’ वाईट माणूस नव्हता तो. मुलांची फी भरायची होती. मी म्हटलं, दुखणं कळेनासं झालं की ती नको तेवढा भार घेईल आणि कायमची जाईल. त्याने ती बांधून ठेवली नाही, की कामालाही लावली नाही. रोज सकाळ-संध्याकाळ सपाटीवर हाताने फिरवली. तीन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा माझी पिशवी बघून तिने कान मागे पाडले आणि चावायला आली. मालक ओशाळला. मला फार बरं वाटलं. ती पूर्ण बरी झाली नाही, आता हलक्याच स्वाऱ्या घेते. पण लोळते.

आपल्या भाषेत त्रास न देणाऱ्याला आपण ‘गरीब’ म्हणतो, घोड्याला आणि मुलालाही. समोर बसलेल्या बाईंना आणि सरांना हे मी काय सांगणार! दंगा करणाऱ्यांकडे लक्ष जातंच. तुम्ही आमच्यातल्या गप्प बसणाऱ्यांनाही थांबवून विचारायचात, डबा खाल्लास का? माझ्या तपासणीचा पहिला प्रश्न आजही तोच असतो.

शेवटी एक विनंती. उद्या काहीजण माथेरानला निघालेत. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असं मानतात. ३०० किलोच्या घोड्याला ६० किलो. आपल्यापैकी कितीजण त्यात बसतात, ते मी विचारत नाही. पण बसण्याआधी घोड्याला वीस पावलं चालवून दाखवायला सांगा, आणि त्याचे कान बघा. शंका आली तर पायी चला. पैसे मात्र घोडेवाल्याला द्या.