चळवळीचं गाणं कुठं मोजायचं?

चळवळीचं गाणं म्हणजे चालीवर बसवलेली घोषणा, चळवळ ओसरली की तेही ओसरतं, हे आपल्या समीक्षेनं इतक्यांदा म्हटलंय की आता ते कुणी तपासतही नाही. या व्यासपीठावरून मला ते खोडून काढायचं आहे. वर्षानुवर्षं लढ्यात राहणाऱ्या शाहिराच्या गाण्यात लढा विषय म्हणून दिसतो तो थोडाच. त्याची खरी खूण रचनेत असते. अण्णा भाऊ साठ्यांची ‘माझी मैना’ घ्या. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली ही छक्कड. पण ती रमते कशात? पोटासाठी मुंबईला आलेल्या माणसाच्या, गावी राहिलेल्या बायकोच्या रूपात, तिच्या दागिन्यांत, निरोपाच्या घालमेलीत. हा सगळा लावणीचा ऐवज. मग तीच ताटातूट बेळगाव-कारवारला येऊन भिडते. नुसती घोषणाच द्यायची असती, तर मैना कशाला हवी होती? प्रांतरचनेचा अहवाल गिरणी कामगारानं वाचला नसेल, विरह मात्र त्याला पाठ होता. मुंबई 1960 साली मिळाली, तरी गाणं थांबलं नाही. मग ते ओसरलं कधी म्हणायचं?

अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर यांचं लाल बावटा कलापथक 1944 सालचं. उघड्यावर, डफ-तुणतुण्यावर, हजारोंपुढे गायचं, तर ओळ एका श्वासात मावली पाहिजे आणि झीलकऱ्यांनी उचललेलं पालुपद गर्दीला लगेच धरता आलं पाहिजे. याला कुणी ढोबळपणा म्हणो, मी कारागिरी म्हणतो. दुसरा आक्षेप उसन्या चालींचा. आंबेडकरी गीतांत सिनेमाच्या चाली आहेत, आहेतच. वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षरं शिकले. त्यांच्या श्रोत्यांतल्या अनेकांना तेवढंही मिळालं नव्हतं. कानात बसलेली चाल हीच त्यांची वही. आणि ‘स्वयंवर’ची पदं बंदिशींवर बेतली गेली, तेव्हा आपण त्याला नाट्यसंगीताचं वैभव म्हटलं! लढ्यात लिहिलेली पुष्कळ गाणी टाकाऊ निघाली, हे कबूल. प्रेमकवितेचं काय वेगळं आहे?

मला जास्त चीड येते ती मात्र कौतुक करणाऱ्यांची. दुःखानंच कवी घडतो, असं ही मंडळी भरल्या पोटी सांगतात. लढ्यानं शाहिराला श्रोता दिला, निकड दिली. दुःखानं काही दिलं नाही, नेलं. अण्णा भाऊ 1969 साली हलाखीत गेले, पन्नाशीही न गाठता. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचं जीवन संपवलं. त्यांची पुढची गाणी कोणत्या दुःखाच्या खात्यावर जमा करायची, ते या कौतुककर्त्यांनी सांगावं. आणि समीक्षकांनी निदान छक्कडीची मात्रा मोजायला बसावं. छंदाच्या तासाला तिला अजून बाकावर जागा नाही.