नकाराचे कारण मागा

(शिंदखेडा येथे दिलेल्या भाषणातून)



सरकारने परवाना नाकारला की पुष्कळ माणसे तो कागद घडी करून पेटीत ठेवतात. नकाराचा कागद म्हणजे प्रकरणाचा शेवट नव्हे, हेच आज मला आपणांस सांगावयाचे आहे.

महाडचे चवदार तळे आठवा. 1927 साली आपण तेथील पाणी प्यालो. परंतु ते तळे कोणाच्या खाजगी मालकीचे नाही, याचा निकाल मुंबई हायकोर्टाने 1937 साली दिला. आज तोच प्रश्न ध्वनिलहरींबाबत उभा आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात, न्यायमूर्ती पी. बी. सावंत ज्यात होते त्या सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने निर्णय दिला, की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय. तिच्यावर ना सरकारची मक्तेदारी, ना धनिकाची. 2006 च्या धोरणाने सामाजिक संस्थांनाही समुदाय नभोवाणीचे दार उघडले. तेलंगणातील माचनूर येथे 2008 पासून दलित भगिनींनी स्वतःचे केंद्र चालविले. परवान्यासाठी त्यांना अनेक वर्षे वाट पाहावी लागली होती.

पण परवाना नाकारला तर? केरळमधील मीडिया वन या वाहिनीचे उदाहरण घ्या. 31 जानेवारी 2022 रोजी राष्ट्रीय सुरक्षेचे नाव सांगून तिची परवानगी काढून घेण्यात आली. कारणे तिला दाखविलीच नाहीत. ती बंद लिफाफ्यातून न्यायाधीशांपुढे गेली. केरळ हायकोर्टात एक न्यायाधीश आणि नंतर खंडपीठ, दोन्हीकडे वाहिनी हरली. तरी ती थांबली नाही. अनुच्छेद 136 खाली विशेष अनुमती मागून ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 15 मार्च 2022 रोजी स्थगिती मिळाली आणि 5 एप्रिल 2023 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड व न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी नकार रद्द केला. ज्याच्याविरुद्ध निर्णय झाला, त्याला त्याची कारणे कळलीच पाहिजेत. आणि सरकारवर टीका करणे हा परवाना नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही, असे त्यांनी बजावले.

यातून आपण काय घ्यावे? नकार लेखी मागा, त्यात कारण मागा. ते न मिळाल्यास अनुच्छेद 226 खाली हायकोर्टात रिट अर्ज करा. धुळे जिल्ह्यासाठी हायकोर्टाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगर येथे आहे. मुंबई गाठावी लागत नाही. तेथे हरलात तर दिल्लीला मात्र आधी अनुमती मागावी लागते. ती मागण्याची मुदत हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवसांची आहे. अनुमती हा हक्क नव्हे. ती देणे न देणे न्यायालयाच्या इच्छेवर आहे. म्हणून प्रत्येक कागद तारखेनिशी जपून ठेवा.

अनुच्छेद 32 ला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा मानले, कारण दाद मागता येत नसेल तर हक्क केवळ कागदावर उरतो. तुमच्या पेटीत नकाराचा असा एखादा कागद असेल, तर आज घरी गेल्यावर तो बाहेर काढा आणि प्रथम त्यावरील तारीख वाचा.